रविना ॲम्बिशस आहे

मुरबाड, ५ जानेवारी २०२६

ती. भगीरथमामास रविनाचा शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहात मोबाइल चालत नाही आणि पाड्यावर रेंज नाही, म्हणून पत्र. रेल्वेच्या कामावर कानटोपी घालत जा. मामी सांगून थकली असेल.

बारावीनंतर कल्याणला नर्सिंग शिकायला एक संस्था राहायची सोय करते. बाईंनी माझी शिफारस लिहिली. त्यात मी 'ॲम्बिशस' आहे असं म्हटलंय, म्हणजे महत्त्वाकांक्षी. शब्द वाक्यात वापर म्हणाल्या. मी लिहिलं, माझा मामा ॲम्बिशस आहे, त्याला रोज मटण हवं. बाईंनी खोडलं. नुसतं हवं असणं वेगळं आणि त्यासाठी राबणं वेगळं, म्हणाल्या.

अर्जावर आता फक्त बाबांची सही राहिली. ते तुझं ऐकतात. लोभ माझ्यावर आहेच, त्यातला थोडा या कामी लाव.

तुझी रविना

कसारा, १३ जानेवारी

चि. रविनास मामाचे अनेक आशीर्वाद.

मटणाचं वाक्य मामीला वाचून दाखवलं. ते खोडायला नको होतं म्हणाली.

रविवारी जगनकडे बारसं होतं. तुझे बाबा, मंगळूदाजी, आलेले. चारचौघांत कौतुक झालं की लगेच सही करतील, म्हणून मी सगळ्यांना तो शब्द सांगितला. अर्थही सांगितला, की पोरीला मोठं व्हायचंय, त्यासाठी घर सोडील, पण मागं हटायची नाय. लोक हसले. धोंडीबाई दाजींना म्हणाली, की मग ही काय तुझ्या हाताशी नाय राहायची. सही झालीच समज.

मामीचीही माया कळावी.

भगीरथ

मुरबाड, २५ जानेवारी

ती. मामास रविनाचा शि. सा. न. वि. वि.

काल बाबा आले होते. त्यांनी सही केली नाही. टोकावड्याकडच्या एका घरी शब्द दिलाय, वैशाखात लग्न. एवढी घाई का, म्हणून विचारलं. म्हणाले, तुझ्या मामानंच पोर जाणार म्हणून सांगितलं, आता थांबलो तर आपल्या दारात कोण येणार?

पाड्यावरचा संदेशदादा पोलीस भरतीसाठी घर सोडून गेला, तेव्हा याच धोंडीबाईनं त्याला ओवाळलं होतं. त्यालाही हाच शब्द लागतो ना? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शब्द दोघांना एकच.

मुलीला मांडवात मामानं आणायचं असतं. तू येणार नाही असं सांग. एवढंच कर. मी तुझ्यावर रागावलेली नाही.

तुझीच, रविना

कसारा, ४ फेब्रुवारी

चि. रविनास आशीर्वाद.

तुमच्या घरी जाऊन आलो. मांडवात उभा राहणार नाय, असं सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सुक्याला उभा करू, तोही मामाच, तुझ्या आईचा चुलतभाऊ. तुझ्या आईनं चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. संस्थेतही गेलो. मामाची सही चालत नाही.

सुक्या लग्नात सकाळपासूनच पिऊन असतो, तुला ठाऊक आहे. तुझ्या पाठीशी तो नको. म्हणून मीच येणार आहे.

पेपर नीट लिही. निकाल लागेल तेव्हा तू सासरी असशील. गुणपत्रिका मी आणीन. ती तिकडे पाठवू की माझ्याकडेच राहू देऊ, ते कळव.

तुझा मामा, भगीरथ