गाडी घरचीच आहे

१ मार्च, रविवार
ट्रॅकर बसवला. काडेपेटीएवढा आहे, चुंबकाने चिकटतो. बाबांच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या आत. ते आंघोळीला गेले तेवढ्यात काम उरकलं.

कारण एकच, सुरक्षितता. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून एकटे राहतात, आमच्या फ्लॅटपासून पंचवीस मिनिटांवर. गेल्या महिन्यात गाडी फाटकाला घासली. (फाटक अरुंद आहे. माझीही दोनदा घासली आहे. पण मी अठ्ठ्याहत्तरचा नाही.)

दुकानदाराने विचारलं होतं, गाडी तुमचीच ना? म्हटलं, घरचीच आहे. यात खोटं काही नाही.

बायको म्हणाली, बाबांना विचारलंत का? म्हटलं, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

संकल्प : ॲप दिवसातून दोनदाच बघायचं.

३ मार्च, मंगळवार
ॲप एकवीस वेळा बघितलं. त्यातल्या बारा वेळा मीटिंगमध्ये, ते धरायचं नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी बाबा निघाले. स्पीड कुठेही चाळीसच्या वर नाही. बाजारामागच्या एका जुन्या इमारतीसमोर गाडी दीड तास उभी! इमारतीचा फोटो नेटवर शोधला. पहिल्या मजल्यावर वकिलाची पाटी. खाली बारीक अक्षरात : मृत्युपत्र, वाटणी, मालमत्ता.

पाटी मोठी करून चारदा वाचली. काळजीने.

४ मार्च
बाबांना फोन केला. सहज विचारलं, काल काय केलंत? म्हणाले, काही नाही रे, घरीच होतो.

लहानपणी एका खोट्यासाठी मला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं याच माणसाने. आणि आता खोटं कोणाशी, तर ज्याला नकाशावर सगळं दिसतंय त्याच्याशी.

यामागे ताई आहे. ती बाबांना रोज फोन करते. काही हेतू असल्याशिवाय कोणी रोज फोन करत नाही. मला स्वतःला घराचा मोह नाही. वरचा मजला वाढवायचा नकाशा मी काढून घेतला आहे तो निव्वळ हौस म्हणून.

६ मार्च, शुक्रवार
पुन्हा तीच इमारत, पुन्हा दीड तास.

चहाच्या वेळी ऑफिसच्या लीगलवाल्यांना गाठलं. एका मित्राची केस म्हणून विचारलं. त्यांनी विचारलं, गाडी कोणाच्या नावावर? म्हटलं, वडिलांच्या. त्यांना माहीत आहे? नाही. मग मित्राला सांगा, आजच्या आज काढ. दुसऱ्याच्या गाडीला त्याला न सांगता असलं काही लावलं, आणि त्याने तक्रार केली, तर सरळ केस होईल. मी म्हटलं, पण हेतू चांगला असेल तर? ते म्हणाले, हेतू चांगला असता तर विचारूनच लावला असता. मग बिस्कीट बुडवत म्हणाले, तुमचा मित्र बरा आहे ना?

हा माणूस जन्मभर टेंडरं तपासत आलाय. घरगुती बाबतीतलं त्याला काय कळणार? नेटवर एकाने स्पष्ट लिहिलंय, गाडी स्वतःच्या नावावर असेल तर प्रश्नच नाही. म्हणजे उपाय सोपा आहे. गाडी माझ्या नावावर करून घ्यायची.

८ मार्च, रविवार
ट्रॅकरची बॅटरी बदलायला बाबांकडे गेलो. गाडीखाली आडवा झालो, तर बाबा चहा घेऊन हजर. कप हातात धरून दहा मिनिटं माझ्या पायांशी उभे. काय शोधतोयस रे? म्हटलं, सायलेन्सरचा आवाज येतोय. म्हणाले, गाडी तर बंद आहे.

नाव बदलायचा फॉर्म दिला. इन्शुरन्सला सोयीचं पडेल असं सांगितलं. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, ठेव, बघतो. मग म्हणाले, जेवून जा, तू येणार म्हणून दोघांचं केलंय. म्हटलं, काम आहे.

काम होतंच. घरी येऊन ॲपवर बॅटरी फुल दिसते का ते बघायचं होतं. दिसते.

१२ मार्च, गुरुवार
घोटाळा झाला.

ऑफिसात बाबांचा फोन. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, गॅरेजवाल्याने बंपरच्या आतून ट्रॅकर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हणाला, काका, तुमच्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे. घर कधी रिकामं असतं ते चोरांना यावरून कळतं.

मी सांगणारच होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा म्हणाले, बरं झालं तू फोन उचललास, मला कोणाला सांगावं कळेना. यावर माणूस काय सांगणार? म्हटलं, घाबरू नका, मी आहे.

१४ मार्च, शनिवार
ताईचा फोन. बाबांनी दाराचं कुलूप बदललं. धड जेवत नाहीत. खिडकीत बसून राहतात, अनोळखी गाडी दिसली की नंबर वहीत उतरवतात. काल शुक्रवार असून घराबाहेर पडले नाहीत. ट्रॅकर नेऊन पोलिसांत तक्रार दिलीय. कोणावर संशय, असं विचारलं तर म्हणाले, कोणावर घेऊ? माझं कोणाशी वाकडं नाही.

बायको म्हणाली, आत्ता उठा आणि सांगून या. म्हटलं, उद्या. निवांत बसून सांगायची गोष्ट आहे.

१५ मार्च, रविवार
डोकं दुखत होतं.

बाबांनी नव्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे ठेवायला पाठवली. आपलं माणूस म्हणून.

१७ मार्च, मंगळवार
पोलीस स्टेशन. बाबा म्हणाले, मला एकट्याला धीर होत नाही, तू बरोबर ये. गेलो. एवढ्याशा डबीवरून कोणाला काय सापडणार अशी खात्री होती.

टेबलामागे एक मॅडम. म्हणाल्या, काका, आत सिमकार्ड होतं, ते कोणाच्या नावावर आहे ते कळलंय. कागद पुढे सरकवला. बाबांनी चष्मा लावला. एका ओळीचा कागद, पण बराच वेळ वाचत होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

मॅडमनी विचारलं, ओळखता? बाबा म्हणाले, हो. माझा मुलगा. हा काय, शेजारी बसलाय.

मॅडम मला म्हणाल्या, काकांना न सांगता बसवलंत? मी तोंड उघडलं, पण बाबाच बोलले. म्हणाले, नाही हो, मला विचारूनच बसवलं होतं. मीच विसरलो.

मॅडमनी तीनदा विचारलं. काका, नीट आठवा. परवानगी दिली नसेल तर मला यांच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल. बाबा तिन्ही वेळा म्हणाले, दिली होती. वय झालं, लक्षात राहत नाही.

मग मॅडमनी दुसरा कागद काढला. म्हणाल्या, इतकी मोठी गोष्ट विसरता, पाच दिवस चोर-चोर म्हणून घाबरता, आणि गाडीही चालवता? मला हे लायसन्सच्या ऑफिसला कळवावं लागेल. कुठे जाता एवढे गाडी घेऊन? बाबा म्हणाले, एक जुना सहकारी आहे, बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. अर्धं अंग गेलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याची दाढी करून देतो. दुसऱ्या कोणाला ब्लेड हातात धरू देत नाही तो. मुलाला सांगत नव्हतो, गाडी काढली की चिडतो.

बाबांनी सही केली. येताना माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसले.

म्हणजे वकील नव्हताच. ही माहिती आधीच दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

१८ मार्च
शांतपणे विचार केला. मालकाची परवानगी होती, असं खुद्द मालकानेच पोलिसांत लिहून दिलं आहे. म्हणजे माझं कृत्य पहिल्या दिवसापासून कायदेशीर होतं. लीगलवाल्यांना सांगितलं, मित्र सुटला. त्यांनी विचारलं, आणि वडील?

२६ मार्च, गुरुवार
लायसन्सवाल्यांनी बाबांना मेडिकल तपासणीला बोलावलं होतं. गेलेच नाहीत, लायसन्स परत करून आले. गाडी विकून टाकली, मला न विचारता. ताई येऊन नव्या कुलपाची किल्ली घेऊन गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

असो. बाबा आता गाडी चालवत नाहीत. मला हेच हवं होतं.

३ एप्रिल, शुक्रवार
ऑफिसला जाताना बाबा बसस्टॉपवर दिसले. मांडीवर कापडी पिशवी, वर दाढीचा ब्रश डोकावत होता. बाजारामागे पोचायला दोन बस बदलाव्या लागतात.

गाडी थांबवली. काच खाली करून म्हटलं, बाबा, बसा, सोडतो. म्हणाले, नको. म्हटलं, ऊन फार आहे, हट्ट करू नका. मागून बसवाला हॉर्न वाजवायला लागला. बाबा उठले, वाकून माझ्याकडे बघितलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, तुमची गाडी जरा पुढे घ्या, बसला जागा हवीय.

तुमची.

पुढे घेतली. आरशात ते चढताना दिसले. कंडक्टरने हात दिला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, बाबा भेटले का हो एवढ्यात? म्हटलं, नाही.