सुलाबाईने आधी वाचावे, मग सही करावी

मी, रंगूबाई मानसिंग जगदाळे, वय सहासष्ट (कागदोपत्री, खरे माझ्या आईलाही ठाऊक नव्हते), राहणार मौजे जांभूळवाडी, तालुका कराड, जिल्हा सातारा, धंदा शेती आणि गावाच्या मते लोकांच्या घरात नाक खुपसणे, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण बाई आपली जमीन पुतण्याला देत नाही म्हटले की पहिली शंका तिच्या डोक्याचीच घेतात.

१. माझे यजमान पलटणीत हवालदार होते. त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. मूलबाळ नाही. राहते घर आणि ओढ्याकाठची दोन एकर उसाची जमीन माझ्या एकटीच्या नावे आहे. दीरही वारले. त्यांची दोन मुले, सुलाबाई आणि तिचा धाकटा भाऊ बाळासो. मी काही न लिहिता मेले तर मिळकत दोघांना जाईल, असे वकील म्हणाले. म्हणजे बाळासोला जाईल. कसे, ते कलम तीनमध्ये येते.

२. आमचे महिला मंडळ माझ्या पडवीत, चार बायका आणि एका जाजमावर सुरू झाले. पुढे अध्यक्ष म्हणून शालूबाईंना घेतले. त्यांचे यजमान साखर कारखान्यात संचालक आहेत आणि दारात जीप आहे, याहून मोठी पात्रता कोणाला सापडली नाही. १९७५ हे महिला वर्ष म्हणून जाहीर झाले, ते आम्ही लोणच्याची स्पर्धा घेऊन साजरे केले. परीक्षक पुरुष, पाहुणे पुरुष, सगळे खुर्च्यांवर. ज्यांचे वर्ष होते त्या खाली जाजमावर. मी उठून लेकीच्या जमिनीच्या वाट्याचे विचारले, तर शालूबाई कानात म्हणाल्या, “आवं काकी, आजच्या दिवशी वाईट विषय कशाला काढताय?” ते जाजम माझे आहे. ते शालूबाईंना द्यावे. एकदा तरी त्यांनी त्यावर बसून बघावे.

३. आता माझी स्वतःची चूक. त्याच वर्षी मी पडवीत दुपारचा वर्ग चालवला. घोषणा होती, अंगठा सोडा, सही शिका. तेवीस बायका सही शिकल्या. पेढे वाटले. सहीच्या पुढे मात्र मी काही शिकवले नाही, कारण पाहुण्यांपुढे सही दाखवता येते, वाचन दाखवायला वेळ लागतो. सुलाबाई माहेरी आली होती, तीही वर्गाला बसायची. चुलीपुढच्या राखेत बोटाने आपले नाव गिरवायची.

भाऊबीजेला बाळासोने ओवाळणीत इरकली लुगडे घातले आणि एक कागद पुढे केला. “अक्का, रेशनकार्डातनं तुझं नाव कमी करायचं हाय, तेवढी सही कर.” ती सही करून धावत माझ्याकडे आली. “काकी, तलाठी शाईचं प्याड घिऊन बसला हुता. मी अंगठा न्हाई दिला, सही केली सही!” मी तिच्या तोंडात साखर घातली. महिन्याने कळले, तो हक्कसोडीचा कागद होता. बापाच्या जमिनीतला तिचा पावणेदोन एकराचा वाटा तिने भावाला लिहून दिला होता.

दोन वर्षांनी नवऱ्याने दुसरी आणली. सुलाबाई भावाच्या दारात आली, तर तो म्हणाला, “आता हितं तुझं काय हाय?” तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. फसवले बाळासोने, पण लेखणी तिच्या हातात मी दिली होती. याची मला लाज वाटते, आणि ती सरकारी शिक्क्याच्या कागदावर लिहायला हरकत वाटत नाही.

४. मला खोकला लागल्यापासून बाळासोला माझी माया आली आहे. दर सोमवारी येतो, पाया पडतो, “काकी, तब्येत कशी हाय?” विचारतो आणि उत्तर येईपर्यंत आढ्याचे वासे मोजतो. त्याला उपाशी ठेवणार नाही. ते इरकली लुगडे सुलाबाईने कधी नेसले नाही, यजमानांच्या ट्रंकेत पडून आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. ते बाळासोला परत द्यावे. त्याच्याच हिशेबाने त्याची किंमत पावणेदोन एकर आहे, तेव्हा त्याने तक्रार करू नये.

५. घर, जमीन, शिलाई मशीन आणि ट्रंक सुलाबाईला. अट एकच. माझ्या तेराव्यानंतर चावडीत तिने हा कागद पहिल्या अक्षरापासून स्वतः मोठ्याने वाचावा, मग खाली सही करावी. “थांब, मी वाचून दावतो,” असे बाळासो म्हणाल्यास त्याला तांब्याभर पाणी देऊन बसवावे. तिला जमले नाही, तर जमेपर्यंत ती घरात राहील, जमीन कसेल, कागद खाली साक्षीला असलेल्या जोतीरामभाऊंकडे राहतील, आणि मिळकत विकायचा अधिकार कोणाला नाही, तिलाही नाही.

सध्या ती इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आहे. जोडाक्षर आले की घाम फुटतो. म्हणून वकिलांचे अवघड शब्द मी काढायला लावले. ‘हक्कसोड’ तेवढा ठेवला. तो तिला अडखळत का होईना वाचता आलाच पाहिजे.

सुले, इथवर आलीस ना? घाई करू नकोस, पाणी पी. आता मान वर करून चावडीत कोण कोण बसलंय ते बघ. घर तुझं आहे. कुणी नवा कागद पुढे केला, तर तोही असाच वाच, सख्खा भाऊ असला तरी.

ठिकाण कराड, तारीख २३ ऑक्टोबर १९७८. भाऊबीज जवळ आली, म्हणून लांबवले नाही.

लिहून ठेवणार: रंगूबाई मानसिंग जगदाळे

साक्षीदार:
१. जोतीराम गुंडा माने, निवृत्त नाईक. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. धोंडुबाई हरिबा खरात, महिला मंडळ सभासद. दोन वेळा वाचून सही केली. तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला लावली.

वाचून झाल्यावर सुलाबाईची सही: ____________