आमच्या तलावात समुद्राचं मशीन

३ ऑक्टोबर, लाखनी

समुद्र नाही तर तलाव! आमचं संशोधनाचं जहाज दुरुस्तीला गेलंय. गोव्याच्या संस्थेतून सर फोनवर म्हणाले, "भावना, घरी आहेसच, तर नवं मशीन जवळच्या पाण्यात ओढून बघ." समुद्रतळाच्या खडकांत चुंबकत्व कुठे जास्त, कुठे कमी, ते हे मशीन टिपतं, त्यावरून आम्ही नकाशे काढतो. आज ते शकुनबाईच्या लाकडी डोंग्यामागे बांधून गावच्या तलावात फिरवलं. ती तिथे मासे धरते. म्हणाली, "याले गळ कुठं लावाचा?"

मधोमध आकडा एकदम उसळला!

"काय हाये व?"

"लोखंड असेल काहीतरी."

काठावर चार माणसं ऐकत होती.

४ ऑक्टोबर

गावभर झालं — भावनाच्या मशीनला सोनं सापडलं.

५ ऑक्टोबर

भैय्याजी आले. माझे काका, तलाव समितीचे अध्यक्ष.

"काकाजी, सोनं चुंबकाला लागत नाही."

"मंग येवढी मोठी मशीन कायले आणली?"

माझी पीएचडी इथेच बुडाली.

६ ऑक्टोबर

तीन पंप लावले! तलाव उपसून राहिले. धान नुकताच निसवलाय, दाणा भरायचा आहे — पाणी गेलं तर अख्खं शिवार वाळेल. शकुनबाई पंपापुढे बसली. "मासे मेले तं मी का तुमचं सोनं खाऊ?"

"तुले बी वाटा देऊ ना!" — भैय्याजी.

मी रडकुंडीला आले. हे सगळं माझ्यामुळे.

७ ऑक्टोबर

लॅपटॉप घेऊन पंचायतीच्या ओट्यावर बसले. हिंदी महासागराचा नकाशा दाखवला. खरं तेच सांगितलं — पृथ्वीचं चुंबक कितीदा तरी उलटं झालंय, उत्तरेचं दक्षिण. समुद्रतळावर त्याचे पट्टे उमटलेत, एक सुलटा, एक उलटा.

भैय्याजींनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! म्हणजे सोनं उलट्या बाजूले हाये!"

मी तोंड उघडलं. पंपांकडे पाहिलं. तोंड मिटलं.

पंप बंद!

८ ऑक्टोबर

उलट्या बाजूला भैय्याजींचंच अंगण निघालं. काकी तुळस काखेत मारून माहेरी गेली.

१० ऑक्टोबर

खड्डा पुरुषभर. आत मुरूम. "मशीनले समुद्राची सवय हाये," भैय्याजी म्हणाले, "आणखी खोल असन." धानाला पाणी सोडलं. दाणा भरेल. सरांना आकडे पाठवले — "उत्तम!"

११ ऑक्टोबर

उजाडताना शकुनबाई दारात. ओलं लुगडं, चिखलाचे हात. तलाव उतरलाय, तिने बुडी मारली.

"तू लोखंड म्हणत होती ना? हाये. पेटी हाये लोखंडाची."

पदराची गाठ सोडली. पिवळ्याधमक सोन्याच्या पुतळ्या!

मी तिला आत ओढलं. दार लावून घेतलं.