दुपारचा हुंकार

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! ओतूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्याकडे एक बॅग, दोन पिशव्या आणि पुस्तकांचं एक पोतं होतं, आणि ते पोतं मामाच्या डोक्यावर होतं. साठी उलटलेला माणूस, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देईल तर शपथ. मामाने अठ्ठावीस वर्षं नाशिक-पुणे एसटी चालवली. संगमनेरपासून आळेफाट्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याशी त्याची ओळख, आणि आज येताना ती सगळी ओळख त्याने मला करून दिली.

ही खोलीही त्यानेच शोधली. गोरखभाऊ त्याच्या गाडीचे जुने पॅसेंजर. गावाबाहेर मळ्यात त्यांचा नवा बंगला, वरच्या मजल्यावर माझी खोली, खिडकीखाली कांद्याचं रान. खाली गोरखभाऊ आणि त्यांची आई साळुबाई, बस्स. दिवस उजाडला की दोघं रानात. सलग चार तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आहे.

महिनाअखेर कादंबरी द्यायची आहे. जाताना मामा म्हणाला, "एक रविवार आड येत जाईन. सुकटीची चटणी आणतो. तू लिव्ह." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून आई तोच आणि बापही तोच. कादंबरी त्याच्यावरच आहे, हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी

बस्तान बसलं. सकाळी लिहायचं आणि दुपारी एक ते चार लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. डोळा आळशी असतो, वाईट वाक्यावरून सरकून जातो; कान तसा सोडत नाही. लेखनशिबिरांत पोरांना मी हेच सांगते.

माझा नायक भगवंत, निवृत्त एसटी ड्रायव्हर, भाचीला भेटायला निघतो. पहिल्या खर्ड्यावर संपादकबाईंनी लाल शाईत लिहिलं आहे की भगवंत फार सहज पोचतो, त्याची काळजी वाटायला वेळच मिळत नाही. शिवाय रस्ता कुठे दिसत नाही, नुसता 'रस्ता' हा शब्द दिसतो. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन दिवस मला त्यांचा राग आला होता. आता सरळ करायचं. पात्रावर जीव असेल तर त्याची वाट अडवायची.

वाचताना साळुबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. कुणाला सांगतेयस, म्हणून विचारलं. म्हटलं, कोणाला नाही, माझी मलाच. तर त्या पायरीवर बसल्याच. त्यांच्याकडे गोष्ट दिवेलागणीनंतरच सांगतात, आणि समोर 'हं, हं' करत हुंकार द्यायला माणूस बसल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. "दिवसा गोष्ट सांगू न्हाई, बाई. मामा वाट चुकतो."

हे मी शाळेतही ऐकलं होतं. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. फोन उचलला की आधी 'जयभीम' म्हणणारा माझा मामा. मांजर आडवं आलं तर गाडी थांबवायचा, पण ती मांजराच्या सोयीसाठी. मी हसून म्हटलं, माझा मामा एसटीचा ड्रायव्हर आहे, तो कसला चुकतोय! साळुबाई हसल्या नाहीत. "निदान हुंकाराला माणूस बसव. ती जागा रिकामी ठिवू नगं," म्हणाल्या आणि कांद्यात निघून गेल्या.

८ फेब्रुवारी

आज गंमत झाली. दुपारी दोनच्या सुमारास वाचत होते, 'भगवंतने गाडीची चावी परत केली आणि मग रिकाम्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना.' वाक्य संपलं आणि खोलीत कोणीतरी म्हणालं, "हं."

पुरुषाचा आवाज. शांत. ऐकतोय, पुढे बोल, असा. मी गॅलरीत जाऊन पाहिलं. गोरखभाऊ आणि साळुबाई पार रानाच्या टोकाला वाकलेले होते. टाकीचा पाइप वाजला असेल असं ठरवलं आणि पुढे वाचलं. पण पाइपाला साहित्य कळत नाही. गुळगुळीत वाक्यांना काही नाही, आणि जिथे माझ्याच अंगावर काटा आला तिथे, फक्त तिथेच, "हं."

ज्या वाक्यांना हुंकार नाही ती मी सरळ खोडली. उरलं आहे ते फार चांगलं आहे. खरं तर भीती वाटायला हवी. थोडी वाटलीही. पण इतका चोख संपादक मला आजवर भेटलेला नाही, त्याला हाकलायचं कसं?

१२ फेब्रुवारी

चार दिवसांत तीन प्रकरणं! जेवायचंही भान नाही. भगवंत आता वाट चुकला आहे. आळेफाट्याला उतरतो, अर्धं आयुष्य तिथले चार रस्ते पाहिलेला माणूस, आणि त्याला पाच दिसतात. 'पाच' हा शब्द वाचला आणि हुंकार अगदी जवळून आला, पलंगाच्या कडेवरून.

मामाचा फोन होता. तीस वर्षं ज्या न्हाव्याकडे दाढी करतो त्याच्या दुकानाला निघाला आणि थेट नदीवर पोचला म्हणे. "म्हातारा झालो गं रत्ने." तो हसला, मीही हसले. रविवारी येतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामा अकराला यायचा होता. पावणेदोनला फोन आला, आळेफाट्यावरून, जिथे ओतूरसाठी गाडी बदलावी लागते. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "रत्ने, हितं रस्ते चारच व्हते ना गं? मला पाच दिसत्यात."

जागचा हलू नकोस म्हटलं, जवळच्या माणसाला फोन दे म्हटलं. एका चहावाल्याने त्याला परत घरी, संगमनेरच्या गाडीत बसवून दिलं. तिकडे समाधानने, मामाच्या मुलाने, उतरवून घरी नेलं. उद्या डॉक्टरकडे नेणार आहेत.

फाट्याचं ते पान मी कोणालाही दाखवलेलं नाही. मामाला तर नाहीच नाही. ते मी फक्त वाचलं होतं, या खोलीत, दुपारी.

१८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात, काही नाही, वय आहे. काल मी मुद्दाम वाचलं नाही. काल मामा एकटा बाजारात जाऊन भाजी घेऊन नीट घरी आला.

साळुबाईंना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, गोष्ट कुठवर आली. "अर्ध्यात हाय म्हन की. मग आता सोडायची बी न्हाई. पुरी कर, त्याला घरी आन. पन शेवटाला हुंकार आला पायजे, न्हाईतर गोष्ट धरत न्हाई." गोरखभाऊ मागून म्हणाले, म्याडम, म्हातारीचं काय मनावर घेताय.

म्हणून आज पुन्हा वाचायला बसले. त्याला घरी आणण्यासाठीच, असं स्वतःला बजावलं. पण इथे तरी खरं लिहिते. भगवंत पाचव्या रस्त्याला लागतो ते प्रकरण डोक्यात तयार होतं. ते मला वाया घालवायचं नव्हतं. आधी ते वाचलं. एकच. हुंकारावर हुंकार आले, आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला शरम वाटते. शेवट उद्या लिहीन.

१९ फेब्रुवारी

नऊला समाधानचा फोन. मामा सकाळी सातलाच घरातून निघाला. उशाशी चिठ्ठी, रत्नेकडं जाऊन येतो, मला रस्ता येतो. कंडक्टरने त्याला आळेफाट्याला उतरताना पाहिलं. त्यानंतर कोणीच नाही. समाधानने पोलिसांत कळवलं आहे. गोरखभाऊ मोटारसायकल घेऊन गेले आहेत, चारी रस्त्यांना. मी मामाला फोन लावते आहे. लागत नाही.

दुपारी

लागला! चालतोय. कुठे, ते त्याला माहीत नाही. नवा डांबरी रस्ता आहे म्हणाला. दोन्ही बाजूंना काहीच नाही. रान नाही, खांब नाही, माणूस नाही. मैलाचे दगड आहेत पण त्यांवर गावाचं नाव नाही. ऊन आहे आणि सावली कशाचीच नाही. "तुझी शप्पत रत्ने, असला रस्ता मी कधी बघितला न्हाई."

मी पाहिला आहे. माझ्याच वहीत. मी नुसतं 'रस्ता' लिहिलं आहे, बाकी काही लिहिलेलंच नाही.

फोन कानाशी धरून वही ओढली. मोठ्याने म्हटलं, रस्त्याच्या कडेला एक चिंच होती, तिच्या बुंध्याशी पाण्याचा माठ होता. मग मामा म्हणाला, "थांब. चिंच दिसतीय." त्याच्या पाणी पिण्याचा आवाज मला ऐकू आला. मी हुंदके देत होते. बॅटरी संपत आलीय म्हणाला, आणि फोन बंद.

मी वाचलं, 'भगवंत चिंचेखाली बसला.'

"हं."

या वेळी मी नीट ऐकलं. गालात तंबाखू, ओठ मिटलेले. लहानपणी त्याच्या गाडीत मी शाळेतलं काही सांगायला लागले की समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता तो असाच —

तो मामा आहे. पलंगाच्या कडेवर कोणी संपादक बसलेला नव्हता. हुंकाराची जागा रिकामी होती आणि मी रोज दुपारी त्याला तिथे ओढत होते. आणि वर त्या हुंकाराला शाबासकी समजत होते.

२० फेब्रुवारी

'भगवंत घरी पोचला.' हुंकार नाही.

'एक जीप थांबली, ड्रायव्हर म्हणाला बसा काका.' नाही. 'समोर ओतूरची पाटी दिसली.' नाही. 'पोलिसांना तो सापडला.' नाही. बारा शेवट लिहिले. बाराही घसा ताणून वाचले. खोली गप्प. फुकटचा शेवट कोणी मानत नाही, हे मीच शिकवते ना पोरांना. कोणाला काही सोसावं लागलं नाही तर गोष्ट धरत नाही.

घाबरून 'तो अजून चिंचेखालीच होता' म्हटलं.

"हं." बारीक आवाज. कोरडा.

मी न बोलता राहिले तर तो ऐकू येत नाही. बोलले तर त्या रस्त्यावर आणखी लांब जातो.

वहीत माठ परत भरला. दोनदा.

२१ फेब्रुवारी

समाधान येऊन गेला. रडत होता.

रात्री हुंकार नाही. दिवसाच. फक्त दिवसा.

चिंच, माठ, भाकरी लिहिली. सावली लिहिली. भाकरीला हं आला, तोही उशिराने. पुन्हा शेवट. भगवंत उठला — नाही. भगवंतला कोणीतरी हाक मारली —

"हं."

कोणी? कोणी मारली? समाधानने — नाही. पोलिसाने — नाही. गोरखभाऊंनी — नाही.

मला कळलंय कोणी ते. लिहिणार नाही. आज नाही.

२२ फेब्रुवारी

साडेबारा. साळुबाई खाली आहेत. मी काय करणार ते सांगितलं. अडवलं नाही. हात धरून म्हणाल्या, त्यो सापडला की म्होरली गोष्ट त्याला सांगू दे, हुंकार तू देत ऱ्हा, गप बसू नगं.

सकाळपासून आवाज नाही. माठ भरला तरी नाही. भाकरीला नाही.

तर मग लिहिते. वाचते. तसंच करते. एकेक.

भाची खुर्चीतून उठली.

"हं."

आला! आला —

तिने वही घेतली. "हं." चपला घातल्या. "हं."

जिना उतरून तिने दार उघडलं. "हं." दारात कांद्याचं रान होतं —

नाही.

दारात रान नव्हतं.

"हं."

रस्ता आहे. खरंच आहे. काळा, कोरा. उंबऱ्यालाच लागलेला. साळुबाई मागून काहीतरी म्हणतायत, ऐकू येत नाही नीट. माझ्याच मागे आहेत ना त्या? इतक्या लांब —

लांब एक चिंच. खाली कोणीतरी आहे. बसलंय की पडलंय —

मामा. थांब. हलू नकोस. मी हाक मारतेय, ऐकू येतंय का? हं म्हण. एकदा हं म्हण. मी आ