भिंतीतला जोड

बाबा, जठारपेठेतल्या घरी तुमच्या खोलीतला एसी काल काढला. आईसाठी नवा बसवायचा म्हणून मी अमरावतीहून आले होते. होळी झाली की तुम्ही कूलर अंगणात उतरवायचात, बाजूच्या ताट्यांत नवं गवत भरायचात, पंप पुसायचात. पोरांपेक्षा त्या डब्यावर तुमचा जीव जास्त, असं आई म्हणायची. तुमच्या ऑपरेशननंतर मीच हट्टाने एसी आणला. तांब्याची नळी आखूड पडली, मिस्तरीने मध्ये जोड दिला. भिंतीवर ती नळी मला ओंगळ दिसत होती, म्हणून मी भिंत फोडून ती आत घ्यायला लावली आणि वरून प्लास्टर करवलं. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "पोरी, जोड उघडा राहू दे. उद्या बिघडला तं हात कुठून घालशीन?" मी हसण्यावारी नेलं.

त्याच वर्षीचा मे महिना. मी येते, तर एसी सुरू आणि खिडकी सताड उघडी. कूलरला खिडकी उघडी लागते, तीच तुमची सवय, असं मी धरून चालते. तुम्ही म्हणता, "गरम होऊन राहिलं, बाई." शेजारचे काका बसलेले असतात. त्यांच्यासमोर मी खेकसते, "खिडकी उघडी ठेवल्यावर गरमच होणार ना! जन्मभर पोरांना शिकवलंत, एवढं कळत नाही?" तुम्ही भिंतीला धरून उठता आणि खिडकी लावून घेता. नंतर ती उन्हाळाभर बंदच होती. तुम्ही छातीवर ओला पंचा टाकून पडायचात. मला वाटायचं, मुद्दाम करताय. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिलाच नाही.

मग दर मार्चमध्ये मिस्तरी यायचा, जाळ्या धुवायचा, बाहेरचे जोड तपासून गॅस भरायचा. मे लागेपर्यंत हवा पुन्हा कोमट. काल नव्या मिस्तरीने नळी काढायला प्लास्टर फोडलं. आतल्या जोडावर काळं, चिकट तेल साचलं होतं. तो म्हणाला, "ताई, गॅस इथूनच जाऊन राहिला होता, पहिल्यापासून. मशीन तं चांगली होती." म्हणजे खोली खरंच तापत होती, बाबा. तुम्ही खरं तेच सांगत होतात, आणि मी तुम्हाला खिडकी लावायला लावून त्या उकाड्यात कोंडलं. फार लाज वाटते.

मिस्तरी गेल्यावर आई चहा घेऊन आली. भिंतीच्या भगदाडाकडे बघून म्हणाली, "त्याहिच्या खिडकीपायीच बिघडला हा. मीबी लय बोलली त्याहिले." मी कपात बघत मान डोलावली. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, असं रात्री स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. चूक माझी होती, हे तिच्यासमोर म्हणायची मला भीती वाटली. तुम्ही वाचणार नाही, म्हणून तर इथे लिहू शकले.