पहिला तास

सोम., १६ जून
शाळा उघडली. वेळापत्रक लावले. माझ्या हातचे चौदावे. अठरा शिक्षक, बारा तुकड्या, सहा दिवस, आणि कुठेही दोन तास एकमेकांवर चढलेले नाहीत. सृष्टिरचनेच्या समयी ब्रह्मदेवानेही एवढा खोडरबर झिजवला नसावा; त्याच्या रचनेतले दोष पाहता झिजवायला हवा होता. मु.अ. म्हणाले, यंदा काचेत मढवू. मी विनयपूर्वक नको म्हणालो, मात्र फार वेळ नाही.

गुरु., १९ जून
मधल्या सुट्टीत घाडगे बाई समोर उभ्या. (गणित. गतवर्षी बदलून आल्या. मसूरहून एस.टी.ने येतात.) सहाही दिवस पहिला तास त्यांच्याकडे आहे, तो ऑफ हवा. वडील माजी हवालदार, अर्धांगवायूने अंथरुणावर. शेजारच्या काकू डेअरीला दूध घालून साडेदहाला येऊन बसतात. बाईंना मात्र ९.५० ची गाडी गाठावी लागते. पहिला तास नसेल तर १०.४० ची चालेल. मु.अ. म्हणाले म्हणे, "मस्टरचं मी बघतो, तासाचं सरांना विचारा."
"चाळीसच मिनिटं एकटे असतात, सर. पण तेवढ्यात उठायला बघतात."
मी : "हवालदारसाहेबांना चाळीस मिनिटे सावधान राहण्याचा अभ्यास असेलच."
हसल्या नाहीत. विनोद चांगला होता.
"लेखी द्या. कारण एका ओळीत."

शुक्र., २० जून
अर्ज आला. कारण : 'वडील चाळीस मिनिटे एकटे असतात.' शुद्धलेखन निर्दोष. फाइलला लावला. प्रातःकाळी बुद्धी ताजी असते, म्हणून गणित पहिल्या तासाला, हा माझा सिद्धांत. शिवाय एकीला सवलत दिली की सोमवारपर्यंत समस्त शिक्षकवृंदाचे वडील आजारी पडतील.

बुध., ९ जुलै
अकरा वाजले, दहावी अ बाईंविना. शिपाई बापू धावत आला. "आवं सर, बाईंची गाडी फाटकात अडाकलीय. आत्ता फोन आल्ता. धा मिन्टं धरा." माझ्या तुकडीला शुद्धलेखन घालून मी स्वतः त्या वर्गात गेलो आणि मुलांना मिनिटे मोजायला लावली, मोठ्याने, एकसुरात. बाई उंबऱ्यावर आल्या तेव्हा "सात!" असा घोष झाला. वर्ग हसला. बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर सातचेच उदाहरण घातले. आवाज कापला नाही. मस्टरवर लेटमार्क मीच केला. लाल शाईने.
(त्यांच्या धैर्याची नोंद कुठे करावी, असा रकाना मस्टरात नाही.)

शनि., २ ऑग.
रिकामा वेळ होता. केवळ मनोविनोदार्थ घाडगे बाईंचे कोडे सोडवून पाहिले. लाजिरवाणे सोपे निघाले. चित्रकलेच्या पवारांशी अदलाबदल, बस्स. पवारांना विचारले. "मला काय सर, कवाबी टाका. शाळंच्या मागं तर ऱ्हातो मी." सहा मिनिटांचे काम.
परंतु तक्ता काचेत आहे. १२ सप्टेंबरला केंद्रातील सर्व शाळांच्या शिक्षकांपुढे 'शिक्षकांचे वेळनियोजन' या विषयावर अस्मादिकांचे व्याख्यान, आणि हाच तक्ता व्यासपीठावर आदर्श म्हणून ठेवायचा आहे. खाडाखोड दिसेल. बाईंना कळवले : द्वितीय सत्रात पाहू.
"म्हणजे दिवाळीनंतर? सर, तोवर..."
वाक्य तसेच सोडून गेल्या.

गुरु., ११ सप्टें.
सूचना काढली : उद्या व्याख्यानाच्या सिद्धतेसाठी सर्वांनी दहाला उपस्थित राहावे. विलंब अक्षम्य. घाडगे बाईंनी सही करताना विचारले, "मला पण?" मी म्हणालो, सर्व या शब्दात कोण येत नाही ते सांगावे. म्हणजे उद्या त्या ८.५० च्या गाडीने.

शुक्र., १२ सप्टें.
व्याख्यान यशस्वी. सभागृह तुडुंब. दाराशीच सर्वांचे भ्रमणध्वनी टोपलीत जमा करून घेतले होते, कल्पना माझी. माझ्याच आयुष्यातला दाखला दिला : तीन वर्षांपूर्वी सौ. मिरजेच्या इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, आज थांबा. मी म्हणालो, पहिला तास घेऊन येतो. तास पूर्ण केला, घंटा झाली, आणि मग तो फोन आला. चौदा वर्षांत एकही पहिला तास बुडालेला नाही. टाळ्या. दोन शिक्षिकांनी डोळे पुसले.
त्यानंतर लगेच टोपलीत कोणाचा तरी फोन घरघरू लागला. थांबेचना. बापू खिडकीतून खुणा करत होता. मी म्हणालो, "बापूराव, टोपलीत मांजर विणार आहे वाटते. सुईणीला व्याख्यान संपेपर्यंत थांबायला सांगा." प्रचंड हशा. घाडगे बाईही किंचित हसल्या. ते मी पाहिले.
एक वाजता टोपली उघडली.

शनि., १३ सप्टें.
बापूने सांगितले, माझ्याकडे न पाहता. हवालदार एकटेच उठायला गेले. काकू साडेदहाला आल्या तेव्हा फरशीवर होते. तासाच्या वर पडून असावेत. खुब्याचे हाड मोडले. काकूंनी अकरा वेळा फोन केला. "त्यो बाईंचा फोन व्हता, सर. मी खुनावत व्हतो तुमाला." कऱ्हाडला शस्त्रक्रिया.
शाळा सुटल्यावर काच काढली. पवार पहिल्या तासाला, घाडगे बाई पाचव्या तासाला. शाई वाळेपर्यंत धरून साडेपाच मिनिटे. माझा अंदाज अर्ध्या मिनिटाने चुकला होता.

शनि., २७ सप्टें.
हवालदार गेले. मसूरला जाऊन आलो. बाई आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. काकू बोलत राहिल्या, मी कोण हे ठाऊक नसल्याने मोकळेपणी. "रोज पोरीला म्हनायचे, जाताना घड्याळ हिकडं फिरवून ठिवत जा. काटा बघत पडायचे वो. मी आले की म्हनायचे, काकू, आजची ड्यूटी झाली बगा. लय इनोदी मानूस."
घड्याळ अजून खाटेकडेच वळलेले होते.
काकूंनी चहा दिला. घेतला.

सोम., ६ ऑक्टो.
बाई रुजू. ९.५० च्याच गाडीने. मी सांगितले, पहिला तास आता ऑफ आहे, सहाही दिवस.
"आता कशाला, सर?"
एवढेच. शिक्षकदालनात जाऊन वह्या तपासत बसल्या. मी काही तरी विनोदी बोलणार होतो.

मंगळ., १४ ऑक्टो.
प्रकृतिअस्वास्थ्याचे कारण देऊन वेळापत्रकाचा कार्यभार सोडला. मु.अ. यांना दुःख झाल्यासारखे वाटले नाही. "घाडगे बाईंना देतो. गणित आहे त्यांचं." पेन्सिल, पट्टी, खोडरबर, जुनी फाइल असे सर्व बाईंच्या टेबलावर ठेवले. फाइलमध्ये त्यांचा अर्ज वरच होता, हे ठेवल्यावर लक्षात आले. परत मागणे प्रशस्त दिसले नसते.

सोम., ३ नोव्हें.
द्वितीय सत्र. नवे वेळापत्रक लागले. काच नाही, चार टाचण्या. रचना माझ्यापेक्षा सरस, हे प्रामाणिकपणे लिहितो. सर्वांना काही ना काही मिळाले आहे. दहावी अ चा पहिला तास बाईंनी स्वतःकडे परत घेतला.
माझे नाव शोधले. पहिला तास : रिकामा. सोमवार ते शनिवार.
"बाई, काही अनवधान झाले आहे. माझा पहिला तास..."
"चूक नाही सर. दोनदा तपासलंय."
चेहऱ्यावर राग नाही. दया असावी, अशीही शंका आली. ती अधिक असह्य. विचारावे तर कोणत्या शब्दांत?

गुरु., ६ नोव्हें.
चार दिवस झाले. सवयीने पावणेअकराला शाळेत येतो. परवा बापू म्हणाला, "आवं सर, पयला तास न्हाई की तुमाला. कशापायी पळत येताय? घरी बसा निवांत." काल तसे केले. घरी बसलो. अकरा ते अकरा चाळीस. सौ.च्या खोलीचे दार उघडले, पुन्हा लावले. घड्याळ माझ्याकडे तोंड करूनच होते.
आज शिक्षकदालनात बसलो. दहावी अ मधून बाईंचा आवाज येत होता. एकदा वर्ग हसला. कशाला, ते कळले नाही.
पहिला तास परत मिळावा म्हणून अर्ज लिहायला घेतला. प्रति, वेळापत्रक प्रमुख. विषय लिहिला. 'कारण' यापुढे तासभर अडलो आहे. कारण एका ओळीत असावे, हा नियम माझाच.
एका ओळीत मावेल असे एकच सुचते, आणि ते बाईंच्या फाइलला आधीच लावलेले आहे.