आठ घरांचा व्यायाम

आदरणीय झाकीप मामांना ओर्मोनचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमची कंबर, मामींचे गुडघे, मेंढ्या आणि ती चावरी घोडी, सगळी ठीक असतील अशी आशा आहे (घोडी थोडी कमी ठीक असली तरी चालेल). आम्ही बरे आहोत. मी जरा जास्तच बरा आहे, ते पुढे येईलच.

तुम्ही विचारलंत, धापा टाकायला लावणारा हा नवा व्यायाम कुस्तीगिराला उपयोगी पडतो का. पडतो मामा, पण कुणाला, ते ऐका. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या सागिनने, तुम्ही दिलेला कुस्तीचा पट्टा माझ्या कमरेला असताना, सगळ्या सासुरवाडीसमोर मला अकरा सेकंदांत उताणं पाडलं. तेव्हापासून जानिल (माझी बायको, तुमची लाडकी भाचेसून) चहा ओतताना अकरापर्यंत मोजते. यंदाही हरलो तर पट्टा मामांना परत करीन आणि मुकाट मेंढ्या राखीन, असं मी चारचौघांत बोलून बसलो. म्हणून बिश्केकला शिकून आलेला मेहुणा बाकित याला गुरू केलं. त्याचा नियम असा: चढावर वीस सेकंद जीव तोडून पळायचं, दहा सेकंद दम खायचा, असं आठ वेळा.

आता आमच्या चढावर घरंही आठच. दम खायला थांबावं ते नेमकं कुणाच्या तरी दारात, आणि दारात आलेल्याने नानचा तुकडा मोडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मला लहानपणी कान पिळून तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दारात बात्मा आजी म्हणाली, “तसाच निघालास होय रे? आमच्या घरात काय रोगाची साथ आलीय?” बाकितने शिट्टी फुंकली, तर तिने त्यालाही बसवलं. नानबरोबर साय आली, सायीबरोबर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस आला. तरी मी एकही फेरी चुकवली नाही. फक्त दहा सेकंदांची विश्रांती चाळीस मिनिटांवर गेली. महिन्यात नऊ किलो वाढलो. बाकित म्हणाला, हे स्नायू आहेत. जानिल म्हणाली, “असतील की. सगळे एकाच ठिकाणी राहायला आलेत, एवढंच.”

सागिन उन्हाळाभर राहतो गावाच्या वर कुरणात, जिथे मैलभर घर नाही. माझं ऐकून त्यानेही हाच व्यायाम प्रामाणिकपणे केला आणि कुस्तीच्या दिवशी सकाळी, कमी पडायला नको म्हणून, आठही फेऱ्या पुन्हा काढल्या. मैदानात त्याचे पाय लटपटत होते. माझा पट्टा धरून त्याने उचलायला जोर लावला. मी हललो नाही. जानिलचे अकरा कधीच मोजून झाले. शेवटी तो दमून मागे कलला आणि मी त्याच्यावर पडलो. मामा, खरं सांगतो, मला रडू आलं.

तुमचा नम्र भाचा,
ओर्मोन

ता.क. आनंदाने आरोळी ठोकायला मी श्वास भरून घेतला आणि पट्टा तुटला. पंचांनी माझा हात अजून वर केला नव्हता. ते म्हणाले, पट्टा तुटला, कुस्ती मोडली, पंधरा दिवसांनी पुन्हा. तरी तुमच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात तुम्हाला लागला होता तो लांब पट्टा पाठवा.

ता.क. २. सागिनला मर्म कळलंय. सोमवारपासून तो आमच्या चढावर पळतोय. काल सहा घरी जेवला, आमच्याकडे दोनदा, आणि जानिलनेच आग्रहाने साय वाढली (दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?). तुमच्या शब्दाला तो फार मानतो. त्याला तेवढं लिहा, की जुन्या पैलवानाच्या मते हा व्यायाम अत्यंत उपयोगी आहे, मात्र कुरणातच करावा आणि कुस्तीच्या सकाळी तर चुकवूच नये. जमलं तर सोळा फेऱ्या सांगा.